डंपाखालचा व्हाळ : बंद खाणीचं गढूळ पाणी अडवण्याच्या कामाच्या नोंदी

जागा : सांगे तालुका, नेत्रावळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर, हद्दीपासून चालत दहा मिनिटांवर. लोहखनिजाचा बंद पिट, म्हणजे खाणीचा खड्डा, आणि त्याला टेकून रिजेक्शनचा, म्हणजे टाकून दिलेल्या माती-दगडाचा, डंप, साधारण अडीच हेक्टर. डंपाखालून निघणारा व्हाळ, म्हणजे ओढा, अभयारण्यात शिरतो. नेत्रावळीच्या डोंगरातलं बरंचसं पाणी पुढे साळावली धरणाला मिळतं, म्हणजे दक्षिण गोव्याच्या नळाला.

अभयारण्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाणकाम नको, असं सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात म्हटलं. त्यामुळे इथे उद्या पुन्हा टिप्पर फिरतील आणि केलेलं काम वाया जाईल, ही भीती नाही. डंप मात्र जागच्या जागी आहे. गोव्यात एक टन खनिज काढायला अडीच-तीन टन माती-दगड बाजूला टाकावा लागतो, तो सगळा असा डोंगरांवर रचून ठेवलाय.

वर्ष पहिलं

९ जुलै

पहिला पावसाळा फक्त मोजायचा, असं ठरलं. आधी आकडे नसतील तर नंतर काय सुधारलं ते कुणालाच सांगता येत नाही.

तीन जागा पक्क्या केल्या. 'क' डंपाच्या वर, जिथे व्हाळ रानातून स्वच्छ येतो. 'ख' डंपाच्या पायथ्याखाली पन्नास मीटरवर. 'ग' अभयारण्याच्या हद्दीच्या खांबापाशी, खांबाच्या बाहेरच्या बाजूला. आत जाऊन नमुने घ्यायचे तर वेगळा परवाना लागतो. हद्दीवरचं पाणी तेच आहे, तेव्हा त्या भानगडीत पडायचं कारण नाही.

गढूळपणा मोजायला नळी घरीच केली. चार सेंटिमीटर व्यासाची, साठ सेंटिमीटर लांब पारदर्शक ॲक्रिलिक नळी, खाली रबरी बूच, बुचावर काळ्या-पांढऱ्या चार पाकळ्या रंगवलेली चकती. पाणी वरपर्यंत भरायचं, वरून बघत हळूहळू सोडायचं, चकती दिसायला लागली की उंची वाचायची. खर्च ३८० रुपये. उन्हात वाचू नका, सावलीत वाचा. पाणी भरल्यावर लगेच वाचा, कारण दोन मिनिटं ठेवली तर जाड रेव खाली बसून चकतीच झाकते.

आजचे आकडे, मागच्या चोवीस तासांत साठेक मिलिमीटर पाऊस : क ५२ सेंमी, ख ३ सेंमी, ग ५ सेंमी. 'ख'चं पाणी नळीत चहासारखं दिसतं, दूध जास्त झालेल्या चहासारखं.

२६ जुलै

एक लिटरच्या प्लास्टिकच्या मोजपात्रात 'ख'चं पाणी तासभर ठेवलं. तळाला ६ मिलिलिटर गाळ. पण वरचं पाणी तसंच लाल. तेच पात्र झाकून दुसऱ्या दिवशी पाहिलं, तरी वरची वीतभर सोडली तर लालच. हा आकडा पुढे सगळ्या कामाला पुरला. जे तासाभरात बसतं ते तळीत अडवता येईल, जे दिवसभरात बसत नाही ते तळीत अडणार नाही.

३ डिसेंबर

पाऊस संपल्यावर पिटाच्या बाजूने डंपाच्या बुडातून एक झरा पाझरत राहतो. खालचे दगड काळे-तपकिरी बुळबुळीत, डबक्यावर इंद्रधनुषी तवंग. तवंग पाहून 'डिझेल सांडलंय' अशी बोंब गावात झालीच होती. काडीने ढोसून पाहायचं : तवंग फुटून त्याचे काचेसारखे कोनेरी तुकडे झाले आणि वेगळे राहिले तर तो लोहाच्या जिवाणूंचा, पुन्हा एक झाला तर तेलाचा. इथला फुटतो. डिझेल नाही.

झऱ्याचा प्रवाह : १५ लिटरची बादली १०० सेकंदांत भरते. म्हणजे सेकंदाला ०.१५ लिटर.

झरा आणि तिन्ही जागांचे नमुने प्रयोगशाळेत दिले. बाटलीत नायट्रिक आम्ल घालून द्यायचं एवढंच ठाऊक होतं, तेवढंच केलं.

१९ डिसेंबर

अहवाल आला आणि सगळे हादरले. ३ डिसेंबरला माणसांची पावलं पडून 'ख'चं पाणी ढवळलेलं होतं, त्या नमुन्यात लोह लिटरला ३८ मिलिग्रॅम!

चूक आमची होती. न गाळता आम्ल घातलं की पाण्यात तरंगणाऱ्या मातीतलंच लोह विरघळतं, आणि अहवालात ते 'पाण्यातलं लोह' म्हणून येतं. गोव्याची लाल माती लोहामुळेच लाल. पुन्हा नमुने घेतले, या वेळी जागेवरच सिरिंजला ०.४५ मायक्रॉनची गाळणी लावून आधी गाळले आणि मग आम्ल घातलं. 'ख'चं विरघळलेलं लोह ०.२. पीएच ६.४. झऱ्यात मात्र विरघळलेलं मँगनीज ०.६२. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मँगनीज ०.१ पर्यंत, दुसरा स्रोतच नसेल तर ०.३ पर्यंत चालतं.

पहिल्या खेपेचे चार नमुने, २,८०० रुपये आणि सोळा दिवस पाण्यात गेले. पण दुखणं कुठे आहे ते कळलं. कोळशाच्या खाणींखालून येतं तसलं आम्लाचं पाणी हे नव्हे. ज्यांतून आम्ल होतं ती गंधकाची खनिजं इथल्या दगडात फारशी नाहीत. पावसाळ्यात दुखणं मातीचं, उन्हाळ्यात मँगनीजचं. दोन वेगळी कामं. चुना ओतून दोन्ही बरी होतील असं सांगणारा कुणीतरी प्रत्येक बैठकीत असतोच. चुन्याने पीएच नऊच्या वर गेला की व्हाळातले मासे आणि कुर्ल्या आधी मरतात.

वर्ष दुसरं

८ जानेवारी

परवानग्या. हे लिहितोय कारण दोन महिने यातच गेले.

एक : वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २९. अभयारण्यात जाणारा किंवा तिथून बाहेर येणारा पाण्याचा प्रवाह वळवणं, अडवणं, वाढवणं मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याशिवाय करता येत नाही. आपण हद्दीबाहेर काम करतोय म्हणून सुटलो असं समजू नका, कारण पाणी आत जातं. म्हणून आराखडाच असा केला की पाण्याचा थेंबही दुसऱ्या ओढ्यात जाणार नाही. वरचं स्वच्छ पाणी डंपाला वळसा घालून त्याच व्हाळात, हद्दीच्या आधी. व्हाळाच्या पात्रात एकही दगड रचायचा नाही. नकाशा, उतार, चरीचं माप लावून अर्ज दिला आणि लेखी उत्तर आल्याशिवाय पिकास उचलली नाही.

दोन : डंप हे खनिज आहे. त्यातला दगड टिप्परमध्ये घालून बाहेर नेला की ती बेकायदा खनिज वाहतूक. बांधकामाला डंपावरचाच दगड वापरू, फुकट आहे, हा मोह टाळा. दगड बाहेरून विकत आणला आणि पावती जपून ठेवली.

तीन : जमिनीच्या मालकाची लेखी संमती आणि खाण खात्याला कळवल्याची पोच. सोपं वाटतं. सगळ्यात जास्त फेऱ्या यालाच.

६ फेब्रुवारी

कामाला सुरुवात वरून. खाली तळी खणायची आणि गाळ त्यात पडू द्यायचा, हे सगळ्यांना आधी सुचतं, आम्हालाही सुचलं होतं. पण डंपाच्या वर तीन हेक्टर रान आहे आणि त्याचं स्वच्छ पाणी डंपावर उतरून लाल होतं. तेच आधी बाजूला काढायला हवं.

हिशेब असा : ३ हेक्टर, तासाला ८० मिलिमीटरची सर, रानातल्या जमिनीवरून निम्मं पाणी वाहतं असं धरलं, तर सेकंदाला साधारण ३३५ लिटर. चर तळाला ६० सेंमी रुंद, ६० सेंमी खोल, बाजू एकास एक, उतार शंभरात एक. अशी चर ४० सेंमी भरून वाहिली तरी सेकंदाला ४३० लिटर नेते. वरची २० सेंमी पाला-फांद्यांसाठी मोकळी. लांबी २१० मीटर.

रेषा आखायला गवंड्यांची पाण्याची नळी, २० मीटर. दर दहा मीटरला खुंटी, प्रत्येक खुंटीला १० सेंमी उतार. नळीत बुडबुडा राहिला तर लेव्हल चुकते. नळी भरताना एक टोक बादलीत बुडवून तोंडाने ओढायची, बादलीने ओतायची नाही.

२२ फेब्रुवारी

१५० मीटर जेसीबीने, ९ तास, तासाला १,४०० रुपये. डंपाच्या कडेजवळची ६० मीटर हाताने. तिथे यंत्र नेलं तर कड ढासळेल, आणि चालक नको म्हणाला ते बरोबरच होतं. हाताच्या कामाला २५ मजुरी, दिवसाला ८०० रुपये.

शेवटची ३५ मीटर, जिथे चर व्हाळाकडे उतरते, तिथे नळी न लावता नजरेने खणली. संध्याकाळ झाली होती, जेसीबी परत जायचा होता. याची किंमत १४ मेच्या नोंदीत.

चरीतून निघालेली माती खालच्या बाजूला बांधासारखी टाकून चोपली. वरच्या बाजूला टाकली तर पहिल्या पावसात तीच चरीत येते.

१० मार्च

डंपाच्या पायथ्याला चिऱ्यांची भिंत, ४० मीटर लांब, १.२ मीटर उंच. गवंड्याने सिमेंटमध्ये बांधली, देखणी झाली. १८,००० रुपये. पाणी जायला भोकं ठेवली नाहीत. कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

४ एप्रिल

भिंतीखाली तळी : २५ मीटर लांब, ५ मीटर रुंद, १.२ मीटर खोल. जेसीबी ७ तास.

माप कसं धरलं ते सांगतो, कारण इथे पैसे फुकट घालवणारे खूप पाहिले. तळी किती खोल याला महत्त्व कमी, पाण्याचा वरचा पसारा किती याला जास्त. वीस मायक्रॉनचा बारीक कण तासाला साधारण दीड मीटर खाली बसतो. सेकंदाला ५० लिटर पाणी येत असेल तर तो पकडायला १२५ चौरस मीटर पसारा लागतो. आपली तळी तेवढीच. दोन मायक्रॉनचा चिकणमातीचा कण दिवसाला जेमतेम ३५ सेंटिमीटर उतरतो. त्याच पाण्यातून तो पकडायचा तर शंभरपट, म्हणजे सव्वा हेक्टरची तळी. ती कुठे खणणार? जुलैमध्ये मोजपात्रात दुसऱ्या दिवशीही लाल राहिलेलं पाणी ते हेच. तुरटीने बसेल, पण तुरटीचं ॲल्युमिनियम आणि उतरलेला पीएच अभयारण्यात सोडायचा नाही.

शिवाय या बाजूला उतरणारा डंपाचा भाग साधारण एक हेक्टर. ५० लिटर म्हणजे तासाला तीसेक मिलिमीटर पावसाला पुरेल एवढंच. जोराची सर आली की तळी हरणार, हे आधीच ठाऊक असू द्यावं.

पाणी आत येतं तिथून बाहेर जातं तिथवर सरळ धावू नये म्हणून मध्ये बांबूचे दोन आडवे तट्टे, एक डावीकडून, एक उजवीकडून, प्रत्येक ३.५ मीटर. तळीत शिरायच्या आणि बाहेर पडायच्या बाजूला उतार सौम्य ठेवला, तीनास एक. सरळ कड्याच्या तळीत पडलेलं भेकर वर येऊ शकत नाही.

२७ एप्रिल

झऱ्याच्या मँगनीजसाठी दगडांची खाटी, म्हणजे दगड भरलेली चर. मँगनीज लोहासारखं नुसत्या हवेने लगेच बसत नाही. साध्या पीएचला त्याचं काम दगडावरचे जिवाणू करतात, आणि त्यांना वेळ, हवा नि पृष्ठभाग लागतो. म्हणून १२ मीटर लांब, दीड मीटर रुंद, ६० सेंमी खोल चर, तिच्यात पाणी शिरतं तिकडच्या एक तृतीयांश लांबीत तिसऱ्या नि खुबे यांच्या शिंपल्या, पुढे ४० ते ६० मिलिमीटरचे जांभ्याचे धुतलेले तुकडे. कित्येक तास पाणी आत रेंगाळतं. शिंपल्या म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, पीएच थोडा वर नेतात आणि चुन्यासारखा उसळवत नाहीत. चुनखडी गोव्यात सहज मिळत नाही, शिंपल्या हॉटेलांच्या मागे फुकट. आत शिरण्याआधी पाणी तीन पायऱ्यांवरून पाडलं, हवा मिळावी म्हणून.

२९ एप्रिल

रानडुकरांनी रात्रीत अर्धी खाटी उकरली. शिंपल्यांना मांसाचा वास होता. सगळ्या काढून उन्हात नऊ दिवस वाळवल्या, दोनदा धुतल्या, मग घातल्या. वर जांभ्याचा हातभर थर. पुन्हा आले नाहीत.

१४ मे

अवकाळी पाऊस, तासभर. चरीची वरची १७५ मीटर उत्तम. नजरेने खणलेली शेवटची ३५ मीटर फाटली. नळी लावली तर उतार शंभरात पाच निघाला. एवढ्या उतारावर पाणी सेकंदाला दोन मीटरच्या वर धावतं, आपली माती एक मीटरच्या पुढे टिकत नाही. तळ मध्येच गुडघाभर खोल गेला. म्हणजे गाळ थांबवायला काढलेली चर स्वतःच गाळ देत होती.

दुरुस्ती : दर अडीच मीटरला दगडांची आडवी पायरी, १० सेंमी उंच, मधला भाग कडेपेक्षा खोलगट. ही खोलगट ठेवायची गोष्ट विसरू नका, सपाट पायरी केली तर पाणी कडेने जाऊन बाजू कापतं. पायरीखाली दोन हात दगडांची गादी. दोन टिप्पर दगड ७,००० रुपये, सहा मजुरी ४,८००. नळी लावायला दोन तास लागले असते.

२८ मे

डंपाचा सगळ्यात वाईट उतार, ४० मीटर रुंद आणि २२ मीटर लांब, काथ्याच्या जाळीने झाकला. ९०० चौरस मीटर जाळी, मीटरला ५० रुपये. नायलॉनची जाळी निम्म्या किमतीत मिळते, पण रानाजवळ नायलॉन वापरू नका. साप त्यात अडकतात आणि जाळी वर्षानुवर्षं कुजत नाही. काथ्या दोन-तीन पावसांत मातीत जातो, तोवर मुळं धरलेली असतात.

खाणवाल्यांनी पूर्वी इथे अकेशिया लावलेत. लांबून हिरवं दिसतं. खाली वाकून पाहिलं तर पाल्याखाली गवताची काडी नाही, आणि पाल्याखालून पाणी माती घेऊन सरळ जातं. माती धरायला झाड नव्हे, आधी गवत लागतं.

८ जून

मृग लागला. वाळ्याचे ४,००० ठोंब, ४ रुपयांना एक. आडव्या बारा ओळी, उंचीने एकेक मीटर अंतर, ठोंब बारा सेंटिमीटरवर. प्रत्येक ठोंबात तीन फुटवे, मुळं आणि पानं वीतभर ठेवून छाटलेली. डंपाच्या मातीत सेंद्रिय असं काहीच नाही, म्हणून प्रत्येक खड्ड्यात दोन मुठी शेणखत. ओळीत एक ठोंब जरी मेला तरी तिथून पाणी फुटतं, म्हणून ३०० ठोंब पिशव्यांत राखीव.

१६ जून

पहिला मोठा पाऊस आणि दोन्ही चुका एकाच दिवशी वर आल्या.

सिमेंटची भिंत मध्ये फुगली, सात मीटर लांबीत हातभर पुढे आली. मागे पाणी साठलं, जायला वाट नाही, भिंत ढकलली गेली. भिंत मातीचा भार सोसते, पाण्याचा नाही.

जाळीखालून पाणी गेलं. वरून जाळी जशीच्या तशी, हात घातला तर खाली बोटभर रुंद नाली. जाळी मातीला चिकटलेली नव्हती, खुंट्या मीटरवर एक होत्या आणि मध्ये ती तंबूसारखी उचललेली. वरची कडही नुसती पसरलेली होती, पुरलेली नव्हती. भर पावसात २,७०० खुंट्या जास्त मारल्या, आता अर्ध्या मीटरवर एक. वरची कड ३० सेंमी खोल चरीत पुरून माती चोपली.

आजच चढणीचे मासे व्हाळात वर यायला लागले. 'ग'पाशी पाण्यात हात घातला तर बोटं दिसत नव्हती, आणि त्याच लाल पाण्यातून पिठोळ उसळत वर जात होते. अंडी जिथे चिकटतील त्या दगडांवर हा गाळ बसणार. वर्षातला सगळ्यात जास्त गाळ पहिल्या चार-पाच सरींत येतो आणि मासे चढायची वेळही तीच. काम १ जूनच्या आत पुरं व्हायला हवं ते यासाठी.

४ जुलै

भिंत पाडून पुन्हा. या वेळी चिरे कोरडेच रचले, तळाला ९० सेंमी, माथ्याला ४५ सेंमी, डंपाकडे थोडा कल. मागे ३० सेंमी खडीचा पडदा, खडी आणि डंपाची माती यांच्यामध्ये काथ्याची दुहेरी जाळी. २६,००० रुपये. पाणी सगळ्या फटींतून घामासारखं येतं, भिंत जागची हलत नाही.

१९ जुलै

मागच्या वर्षीसारखाच पाऊस, चोवीस तासांत साठेक मिलिमीटर. क ५० सेंमी, ख ९ सेंमी, ग १४ सेंमी. मोजपात्रात तासाभराचा गाळ ६ वरून १.५ मिलिलिटरवर. पाणी अजून लाल आहे. जड गाळ थांबला, बारीक रंग थांबला नाही.

५ ऑगस्ट

गवे. कळप नेहमीच्या वाटेने डंप उतरून व्हाळाला येतो आणि ती वाट जाळीतून जाते. खुरांत काथ्या अडकून चार मीटर जाळी ओढली गेली, वाळ्याच्या दोन ओळी तुडवल्या. कुंपण घालायचा विचारही करू नये. त्यांची वाट त्यांना दिली : तीन मीटर रुंद पट्टा जाळीतून कापून काढला, त्यावर चपटे दगड आडवे रोवून पायऱ्यांसारखे बसवले, दोन्ही कडांना जाळी पुरली. हे मे महिन्यातच पाहायला हवं होतं. शेण आणि खुरांचे ठसे तेव्हाही तिथेच होते.

१२ नोव्हेंबर

तळी उपसली. गाळ ६२ घनमीटर. तो कुठे टाकायचा हे आधी ठरवा. व्हाळाच्या काठावर ढीग केला तर पुढच्या जूनला तोच खाली जातो. आम्ही पिटाच्या काठापासून दूर, वरच्या सपाटीवर अर्धा मीटर थरात पसरला आणि वर गवताचं बी फेकलं. पिटाच्या कडेजवळ कुणी जायचं नाही. खालून पोखरलेली असते आणि पाणी खोल आहे.

झऱ्याचं मँगनीज, गाळलेले नमुने : खाटीत शिरताना ०.५८, बाहेर पडताना ०.१३. जूनच्या सुरुवातीला, पाच आठवड्यांनी, बाहेरचा आकडा ०.३५ होता. खाटीतले दगड आता कोळशासारखे काळे झालेत. काळेपणा धुऊ नका, काम तोच करतो. पावसात प्रवाह वाढला की पाणी खाटीवरून सांडून जातं, पण तेव्हा मँगनीज आपोआपच पातळ झालेलं असतं.

आतापर्यंतचा खर्च १,९०,२०० रुपये. त्यातले १८,००० पडलेल्या भिंतीचे, ११,८०० नजरेने खणलेल्या चरीचे, २,८०० न गाळलेल्या नमुन्यांचे. जाळी अंथरणं, खुंट्या मारणं आणि लागवड श्रमदानाने झाली, ती यात धरलेली नाही.

वर्ष दुसरं

२० मे

चरीतला पाला काढला. दोन दिवस, चार माणसं. हे दरवर्षीचं काम आहे. पाल्याने तुंबलेली चर एका जागी फुटली की सगळं पाणी एकाच घळीतून डंपावर जातं आणि ते चर नसण्यापेक्षा वाईट. वाळ्याची ११ टक्के मर, ४४० ठोंब. राखीव ३०० पुरले नाहीत, बाकीचे जुन्या झुपक्यांतून फोडून घेतले. पहिल्या पावसानंतर लावायचे म्हणून सावलीत ओल्या गोणपाटात ठेवलेत.

११ जुलै

सत्तर मिलिमीटर. क ५१, ख १६, ग २२ सेंमी. वाळा कमरेपर्यंत आला, प्रत्येक ओळीच्या वरच्या बाजूला वीतभर गाळ साठून पायरी झाली आहे. झाकलेल्या उतारावरून उतरणारं पाणी बाटलीत घेतलं तर आरपार दिसतं. लाल येतं ते शेजारच्या न झाकलेल्या उतारावरून, पूर्वेकडच्या दोन घळींतून. एक घळ साडेतीन मीटर खोल आहे. तिला खालून नाही, वरच्या टोकाकडून दगडांच्या पायऱ्या घालत यायचं आहे. माप घेतलं : पायऱ्या चौदा, दगड पाच टिप्पर, जाळी ६०० मीटर. पाण्याची नळी घेऊन डिसेंबरमध्ये.